गुरुवारची ओळ

बाई,

माझ्यावर एक घोर अन्याय झाला आहे आणि त्याची दाद मागायला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, ही अडचण माझ्या लक्षात आहे. पण जिवंतांपैकी ज्याला ज्याला सांगितलं तो हसला, म्हणून खालची सगळी कोर्टं सोडून थेट वर आले. प्रकरण असं की आज सकाळी एका यंत्रानं माझ्या वाक्यासमोर लाल दिवा लावला. मी हल्ली वेबसाइटींसाठी मजकूर लिहून देते. वेबसाइट म्हणजे काय हे तुम्हाला समजवायला वेळ लागणार नाही. आपला चौकातला फळाच समजा, फक्त त्याला चौक नाही आणि पुसायला ओला फडका लागत नाही. तर या फळ्यावर काही लिहिलं की बाजूला तीन रंगांचे दिवे लागतात. हिरवा म्हणजे लोकांना समजेल. नारिंगी म्हणजे समजेल, पण कंटाळतील. लाल म्हणजे बाई, घरी जा. मला लाल लागला. आयुष्यभर दुसऱ्यांची टोपी उडवून पोट भरलेल्या बाईला यंत्र सांगतं की तुमचं वाक्य लांब आहे आणि मुद्दा सापडत नाही. मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा तो गार होईपर्यंत त्या दिव्याकडे बघत बसले.

एवढ्यावर भागलं नाही. ज्या कंपनीसाठी लिहिते तिथल्या पोरानं, वय असेल पंचवीस, मला दोन पानांचं टिपण पाठवलं: वाचक धरून ठेवणारं सोपं लिखाण कसं करावं. मी ते भुवया वर करून वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर भुवया खाली आल्या. मुद्दा आधी सांगा. एका वाक्यात एकच काम. वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं आहे ते सांगा. गंमत हवी, पण गमतीपायी माहिती जाऊ नये. लिहून झालं की कुणाला तरी वाचून दाखवा. बाई, हे सगळं तुम्ही मला पांढुर्ण्यात, तुमच्या स्वयंपाकघरात, हाताला कणीक असताना सांगितलेलं आहे. त्या पोराला कळवणार होते की बाळा, हे शिकवायला तुझ्या साहेबांनी पैसे घेतले असतील, मला ते पोळीबरोबर मिळालं. कळवलं नाही. कारण ज्या पानावर लाल दिवा लागला होता ते पान होतं एका मोफत नेत्र-शिबिराचं. आता तुम्हाला कळलं असेल मी काऊन लिहून राहिले.

तुमचा फळा मला अजून इंचाइंचानं आठवतो. बाजाराच्या चौकात वाचनालयाच्या ओट्यावर दोन खिळ्यांना टांगलेला, डावीकडे जरा उतरलेला. नागपूरचे पेपर गाडीनं यायला नऊ वाजायचे, त्याआधी तुमचा फळा लिहून झालेला असायचा. मुलींच्या शाळेतून तुम्ही रिटायर झालात आणि वाचनालय सांभाळायला घेतलंत. फळा कुणी सांगितला नव्हता, तो तुमचा तुम्हीच लावून घेतला होता. मध्य प्रदेशचं सरकार आपल्याशी हिंदीत बोलायचं आणि गाव आपसांत मराठीत, म्हणून तहसीलच्या, दवाखान्याच्या, मंडीच्या दारावर जो कागद चिकटायचा तो लोक हात मागे बांधून बघायचे आणि पुढे जायचे. 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है' इथपर्यंत येऊनच माणूस दमायचा. तुम्ही तो कागद वहीत उतरवून आणायच्या आणि फळ्यावर लिहायच्या: उद्या नळ येणार नाही. आजच भरून ठेवा. संपलं. फळ्यावर आठ ओळी बसायच्या, कारण अक्षर एवढं मोठं पाहिजे की सायकलवरून न उतरता वाचता यावं, हा तुमचा कायदा होता. नववी ओळ लिहायची तर आठातली एक पुसायची. पूर्ण चौकात तेवढी एकच गोष्ट होती जिच्यात जागा वाढवून मिळत नव्हती.

आणि दुसरा कायदा मावशीचा. ओट्याखाली फुटाण्याची टोपली घेऊन बसणारी मावशी रोज तिगावहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. वाचता येत नव्हतं, आणि पुढे पुढे दिसतही कमी होतं. तुम्ही फळा लिहून झाला की खाली उतरून तिला तो वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, काय समजलं? मावशी आपल्या शब्दांत सांगायची. बरोबर सांगितलं तर फळा राहायचा. चुकलं तर तुम्ही मावशीला एका शब्दानं बोलायच्या नाहीत, सरळ वर चढून ओला फडका फिरवायच्या आणि पुन्हा लिहायच्या. एकदा राकेलच्या वाटपाची सूचना तुम्ही चार वेळा पुसलेली मी पाहिली. मी म्हटलं, बाई, तिलाच अक्कल कमी आहे. तुम्ही म्हणालात, तिला राकेल आणायचं आहे, मला नाही. अक्कल कोणाची कमी पडली मग?

मी वीस वर्षांची होते, बी.ए.ची परीक्षा घरून देत होते, आणि मी फार हुशार आहे हे गावात एकट्या मलाच माहीत होतं. वाचनालयात पेपर वाचायला यायचे ती तुमच्या घरापर्यंत पोचले. तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. तुम्ही पोळ्या लाटून राहिल्या आहात, मी पाटावर बसून हिंदी परिपत्रक वाचते आणि त्याचं मराठी करते. माझं वाक्य 'ज्याअर्थी'पासून सुरू होतं, आणि तुम्ही पोळी तव्यावर टाकता. पोळी फुगते, उलटते, डब्यात जाते, माझं वाक्य चालूच. तुम्ही म्हणता, "एका पोळीला एक वाक्य. पोळी करपली की तू हरली." महिनाभरात माझ्या पोळ्या करपणं थांबलं. अक्षरही तुम्ही बसवून घेतलंत, असं की तुमचा 'र' कुठला आणि माझा कुठला हे वाचनालय समितीच्या अध्यक्षांनाही सांगता येत नसे. मला त्याचा अभिमान होता. पुढे त्याचा उपयोग कशासाठी झाला ते येतंच आहे.

दिवाळीला तुम्ही मला पिवळ्या खडूंची डबी दिलीत. सात ओळी पांढऱ्या, कामाच्या. आठवी पिवळी, ती माझी. गावातलं काहीतरी हलकंफुलकं, असं तुमचं म्हणणं, म्हणजे लोक खालपर्यंत वाचत येतात. माझी पहिली ओळ होती: तिगाव स्टेशनवर काल उतरलेली शेळी अजून मालकाची वाट पाहून राहिली, तिकीट तिच्याजवळ आहे. लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात लोक आधी खालची ओळ वाचायला लागले. मी वाचनालयाच्या खिडकीमागे उभी राहून हसणारे मोजायची. फक्त एक सल होता. चौक म्हणायचा, बाईंना या वयात काय सुचते बाप्पा. तुमचंच नाव. मला ते रोज थोडं थोडं झोंबायचं. एकदा मी दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या चालण्यावर लिहिलं. तुम्ही वाचलंत, तुम्हालाही हसू आलं, ते तुम्ही लपवलं नाही. मग फडका घेतलात आणि म्हणालात, त्याला उद्या याच चौकातून चालत जायचं आहे. मी घरी जाऊन आईला सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना विनोद कळत नाही.

मग ते नेत्र-शिबिर आलं. हिवाळ्याचे दिवस, संत्र्याचा तोडा सुरू होता. वर्षातून एकदाच मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट व्हायची, त्या वर्षी रविवारी सौंसरला ठरली होती. पण सौंसरला सरळ जाऊन चालणार नव्हतं. आधी गुरुवारी आपल्या पांढुर्ण्यात डोळे तपासायचे, चिठ्ठी घ्यायची, आणि चिठ्ठीवाल्यांचंच रविवारी ऑपरेशन. हिंदी कागदात हे तिसऱ्या परिच्छेदात होतं. तुम्ही तापानं पडल्या होत्या. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, कारण दोन दिवस फळा मीच लिहीत होते आणि तो तुमच्याच अक्षरात होता. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही गोधडीतून हात बाहेर काढून कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि मला म्हणालात, "गुरुवार पहिल्या ओळीत लिही. बाकी काही चुकलं तरी चालेल."

बुधवारी सकाळी मी तसंच लिहिलं. तुमची शपथ नाही घेत, पण आधी तसंच लिहिलं होतं. पहिल्या ओळीत गुरुवार आणि तपासणी, मग चिठ्ठी, रविवार, सौंसर, सोबत एक माणूस आणा, अंथरूण आणा. सात ओळी भरल्या. आठवी माझी. आणि मला रस्त्यानं येता येता असा काही विनोद सुचला होता की तो एका ओळीत मावेना. मी दोन पावलं मागे जाऊन फळ्याकडे पाहिलं. गुरुवारची तपासणी आणि चिठ्ठी ज्यांत होती त्या वरच्या दोन ओळी मला एकदम रुक्ष वाटल्या. दवाखान्याच्या दारावर कागद आहेच की. गुरुवारी सकाळी पुन्हा लिहिता येईल की. माणूस स्वतःची समजूत किती सफाईनं काढतो ते पाहायचं असेल तर त्याच्या हातात फडका द्यावा. मी पुसलं, रविवार वर घेतला, आणि खाली पिवळ्या खडूनं तीन ओळींत लिहिलं: मोतीबिंदू काढून मिळेल, तोही फुकट. त्यानंतर नवरा खरा कसा दिसतो हे पाहून धक्का बसल्यास शिबिरवाले जबाबदार नाहीत.

दोन माणसं सायकलवरून उतरली. तुमचा कायदा होता की उतरायची गरज पडू नये. मी तो माझा विजय धरला.

मावशीनं खालून हाक मारली. ते शिबिर तिला सगळ्यांत आधी पाहिजे होतं, उजवा डोळा जवळजवळ गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. म्हणाली, "काय लिवलं व आज? लोकं हासून राहिले. वाचून दाखव न." मी खाली उतरले नाही. ओट्यावरूनच सांगितलं की डोळ्यांचं शिबिर आहे, रविवारी, सौंसरला, भावाला घेऊन जा. आणि विनोद तेवढा पूर्ण वाचून दाखवला. तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. तरी ती हसली, माझं मन राखायला. काय समजलं, हे मी विचारलं नाही. गुरुवारी सकाळी काय लिहिलं ते विचाराल तर, गुरुवारी लोक कालचाच फळा वाचायला थांबत होते, म्हणून मी तो पुसलाच नाही.

सोमवारी तुम्ही पहिल्यांदा बाहेर आलात. शाल गुंडाळून, भिंतीला हात लावत. मावशी टोपली न मांडता नुसतीच बसली होती. तुम्ही विचारलंत, कसं झालं? तिनं सांगितलं ते मी आत टेबलाशी उभी राहून ऐकलं. भाऊ संत्र्याचा तोडा टाकून आला. आधी जामसांवलीला मारुतीपुढे नारळ फोडला. मग सौंसरला रांगेत उभे राहिले, पोटात काही नव्हतं, नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. "चिट्ठी मांगतली. म्या म्हनलं कोनती चिट्ठी? म्हने गुरुवारी तपासलं त्याहीलेच घेऊन राहिलो, पुढल्या साली ये मायबाई." गावातले आणखीही काही जण असेच परतले होते. वळून फळा वाचलात. तो अजून तसाच होता, पाच ओळी पांढऱ्या आणि तीन पिवळ्या. तुम्ही तो दोनदा वाचलात, शाळेत वही तपासताना वाचायच्या तसा, ओठ हलवत.

मग आत येऊन माझ्यासमोर पांढरा खडू धरलात.

दुरुस्तीचा तुमचा नियम मला पाठ होता. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्ती, चुकीचं अक्षर जेवढं होतं तेवढ्याच अक्षरात, पहिल्या ओळीत, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. एरवी फळ्यावर नाव कधीच नसायचं, नाव फक्त चुकीला. बाहेर मावशी होती, दोन दुकानदार ओट्यापाशी येऊन थांबले होते. तुम्ही म्हणालात, "घे." मी खडूकडे पाहिलं आणि म्हटलं, "बाई, माझा हात थरथरून राहिला. अक्षर नीट येणार नाही."

तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत. म्हणालात, "बरं."

आणि ओट्यावर चढून सगळा फळा पुसलात आणि लिहिलंत की नेत्र-शिबिराची तपासणी गुरुवारी होती, ती ओळ या फळ्यावर नव्हती, चूक लिहिणारीची आहे, ज्यांना परत यावं लागलं त्यांची मी माफी मागते. खाली तुमचं पूर्ण नाव, आडनावासकट. ताप उतरलेल्या माणसाचं अक्षर हलतं. तुमचं हललं नाही.

दिवाळीपासून मला हे टोचत होतं की खालची ओळ माझी आहे हे कुणाला माहीत नाही. त्या दिवसापासून मी देवाजवळ एकच मागत होते की कुणाला माहीत पडू नये. चौकानं मग आपलं काम केलं. ज्यांना तुमच्या सोप्या ओळींमुळे वर्षानुवर्षं राकेल आणि बियाणं वेळेवर मिळालं होतं, ते म्हणाले बाईंचं आता लक्ष राहत नाही. समितीचे अध्यक्ष, कापडवाले, तुमच्या घरी येऊन खुर्चीवर बसले. चहा घेतला आणि म्हणाले, त्या शिबिरात पहिला नंबर तुमचाच लावायला पाहिजे होता, बाई. त्यांना वाटलं हा विनोद आहे. मला वाटलं तो माझ्या तोडीचा नाही. म्हणजे त्या वेळीही मी मार्कच देत होते. फळा आता तरुण हातात द्यावा असं ठरलं, आणि तरुण हात तिथेच कपबश्या उचलत होता. मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं तुम्ही नको म्हणाल, ओरडाल, खरं सांगून टाकाल. तुम्ही म्हणालात, फळा रिकामा राहू नये, तू घे. मी घेतला. पेढे वाटले नाहीत, एवढाच काय तो संयम.

पुढल्या वर्षी शिबिर आलं तेव्हा मी गुरुवार एवढा मोठा लिहिला की तो तहसीलच्या पायरीवरून दिसत होता. पिवळा खडू डबीतून काढलाच नाही. मावशीला तपासायला मी स्वतः नेलं, चिठ्ठी तिच्या पदराला बांधली. डाव्या डोळ्याला दिसायला लागलं. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायला पाहिजे होतं, आता त्यात काही राहिलं नाही. महिन्यानं ती परत ओट्याखाली बसायला लागली. मी रोज खाली उतरून फळा वाचायचे आणि विचारायचे, काय समजलं? एके दिवशी वाचून झाल्यावर तिनं सांगितलंच नाही काय समजलं ते. फुटाणे चाळत म्हणाली, "मले दिसत नोतं, पन आयकू त येत होतं व. तवा वाचून तूच दाखोलं होतं. बाई त तापानं पडून होती."

मी विचारलं, मग मावशी, तू कुणाला सांगितलं काऊन नाही?

"बाईनं मना केलं. म्हने पोट्टी आता कुठं शिकून राहिली." आणि मग, टोपलीत हात घालत, "मी त सांगणारच होती."

तिनं माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. मी ते खाल्लेसुद्धा.

त्याच खालच्या ओळीच्या जोरावर मी पुढे नागपूरला पेपरात लागले. पिवळी ओळ वाढत वाढत अर्ध्या पानाचा स्तंभ झाला. मंत्री, साहेब, साहित्यिक, मी कुणाला सोडलं नाही. लोक म्हणतात माझ्या लिखाणाला दात आहेत. कुणाची चूक दिसली की मला अजूनही भूक लागते. पेपरात दुरुस्ती छापतात ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तिच्याखाली नाव नसतं. मला ते फार सोयीचं वाटत आलं. तुम्ही गेल्याचं पत्र आलं तेव्हा माझा दिवाळीचा लेख द्यायचा होता. मी आले नाही. लेख चांगला झाला, हेही सांगून टाकते, कारण तुम्ही विचारलं असतंत.

तर आज तो लाल दिवा. पोरानं शिबिराचा कागद पाठवला होता, आणि बाई, आताही तपासणी आधी आणि ऑपरेशन नंतर, आताही चिठ्ठीशिवाय घेत नाहीत, आताही हे कागदाच्या तिसऱ्या परिच्छेदात. आणि मी काय केलं होतं? सुरुवातीला डोळ्यांवर एक छान खुसखुशीत परिच्छेद लिहिला होता. वाचकाला धरून ठेवायला. दुसरा चहा गार झाल्यावर मी तो पुसला. पहिल्या ओळीत तपासणीचा दिवस लिहिला, मग ठिकाण, मग सोबत काय आणायचं. हिरवा दिवा लागला. यंत्र खूश झालं की मला फारसं काही वाटत नाही, पण आज मी त्या दिव्याकडे जरा वेळ पाहत बसले.

मग माझी स्वतःची जागा उघडली. माझाही एक ब्लॉग आहे, दर रविवारी लोक तिथे कुणाची तरी टोपी उडालेली बघायला येतात. आज रविवार नव्हता. मी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, दुरुस्ती असं लिहिलं आणि खाली चार ओळी. दहा मिनिटांत लोकांनी हसण्याची चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, फळ्याची कल्पना भन्नाट. मी वाचून पाहिलं तर त्यांचं चुकलेलं नव्हतं. चार ओळींत मी दोनदा विनोद केला होता, सवयीनं. पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं, ते इतकं भरजरी झालं की माझी चूक त्यात सापडेना आणि माझं दुःख मात्र लांबून दिसत होतं. तेही पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी आल्या होत्या. त्या रामाकोन्याच्या, लग्नानंतर नागपूरला आल्या. माझं लिखाण त्यांनी कधी वाचलेलं नाही, त्यांना ते करायला वेळ नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. त्या पोळ्या करत होत्या. मी वाचून दाखवलं.

विचारलं, मावशी, काय समजलं?

त्यांनी पोळी उलटली. "एका बाईचा डोळा गेला. चूक तुमची होती, नाव दुसऱ्या बाईनं लावून घेतलं." मग तव्यावरून पोळी काढली. "एवढं सोपं होतं त इतके वर्ष काऊन नाही लिहिलं?"

मी फडका शोधला नाही. खाली माझं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट, वरच्याच अक्षरात, आणि ते तसंच त्या बिनचौकाच्या फळ्यावर लावलं. या वेळी कुणी हसलं नाही. एकीनं तेवढं विचारलं, मग त्या फळावाल्या बाई कुठे असतात?

हे पत्र मात्र कुठे लावणार नाही आणि पोस्टात टाकणारही नाही, तुमच्या पत्त्यावर आता दुसरी माणसं राहतात. यात एक गोष्ट अजून तशीच राहिली आहे. ती फक्त तुमच्या-माझ्यातली आहे, आणि मला वाटतं तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत तेव्हाच तुम्हाला ती कळली होती. हात थरथरत नव्हता, बाई.